एक नो-ट्रम्पसमोर अकरा पॉइंट : बोलावे की थांबावे?

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. मी आणि माझी पत्नी गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीत दर शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळतो. अलीकडे आठ जण जमू लागल्यामुळे दोन टेबलांवर तीच पाने फिरवून टीम पद्धतीने आयएमपीवर (दोन टेबलांच्या गुणांतील फरकावरून मिळणाऱ्या गुणांवर) खेळ होतो. आम्ही दोघे १२ ते १४ पॉइंटांचा (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), म्हणजे कमजोर एक नो-ट्रम्प (हुकमाशिवाय सात हात करण्याची बोली) वापरतो. गेल्या महिन्यात दोन डाव असे झाले की त्यांवरून आमच्या घरात अजून बोलणे चालू आहे. दोन्ही वेळा आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असलेल्या स्थितीत) होतो, पत्नीने एक नो-ट्रम्प सांगितला आणि माझ्याकडे बरोबर ११ पॉइंट होते.

पहिल्या डावात माझी पाने अशी होती : इस्पिक राणी, गुलाम, ४, बदाम राजा, ७, ३, चौकट राणी, गुलाम, ५, किलवर राणी, ६, ५, २. मी दोन नो-ट्रम्प म्हणून गेमचे (म्हणजे मोठे बक्षीस देणाऱ्या तीन नो-ट्रम्पच्या बोलीचे) आमंत्रण दिले. पत्नीकडे १२ पॉइंट होते, तिने पास दिला, हव्या असलेल्या आठऐवजी सात हात झाले आणि आम्ही एक डाऊन गेलो. दुसऱ्या टेबलावर एक नो-ट्रम्पवरच बोली थांबली होती. तिथेही सातच हात झाले, पण त्यांना ९० गुण मिळाले.

पुढच्या शनिवारी मी सावध झालो. पाने होती : इस्पिक राजा, ६, २, बदाम ८, ४, चौकट एक्का, राणी, १०, ९, ५, किलवर राणी, १०, ३. मी पास दिला. पत्नीने सहज नऊ हात केले आणि आम्हाला १५० गुण मिळाले; दुसऱ्या टेबलावर तीन नो-ट्रम्प लागून ६०० गुण झाले होते. पत्नी म्हणते, "तुम्ही कधी बोलणार आणि कधी नाही, ते एकदा ठरवा." अकरा पॉइंटांचा नियम नक्की कोणता समजावा?
(एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : नियम एका ओळीत सांगता येतो. समोर १२ ते १४ चा नो-ट्रम्प असेल तर साध्या अकरा पॉइंटांवर पास द्यावा. आपली दुसऱ्या डावातील पाने मात्र साधी अकरा पॉइंटांची म्हणता येणार नाहीत, आणि पहिल्या डावातील पाने तर अकराचीही मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या दोन्ही निर्णयांत चूक झाली, पण दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे एकूण आकडा पाहून थांबणे आणि तो आकडा कोणत्या पानांनी बनला आहे हे न पाहणे.

आधी आकड्याचेच पाहू. तीन नो-ट्रम्पसाठी दोघांचे मिळून साधारण २५ पॉइंट लागतात, हे आपण सगळे शिकलेलो आहोत. आपल्याकडे ११ असतील तर २५ होण्यासाठी वहिनींकडे पूर्ण १४ हवेत. ५२ पत्ते वाटल्यावर एखाद्या खेळाडूला १२ पॉइंट येण्याची शक्यता शेकडा ८.०३ असते, १३ येण्याची ६.९१ आणि १४ येण्याची ५.६९. याचा अर्थ, १२ ते १४ च्या पट्ट्यात वहिनी असतील तर शंभरातील सुमारे ३९ वेळा त्यांच्याकडे १२, सुमारे ३३ वेळा १३ आणि जेमतेम २८ वेळा १४ पॉइंट असतील. त्यातच ४० पैकी ११ पॉइंट आपल्या हातात अडकलेले असल्यामुळे हा कल आणखी किंचित खालीच झुकतो. पुष्कळ चांगले खेळाडू पाच पानी रंग असलेल्या देखण्या १४ पॉइंटांना १५ मानून कमजोर नो-ट्रम्प सांगतच नाहीत आणि तितक्याच देखण्या ११ पॉइंटांवर मात्र तो सांगून टाकतात. वहिनींची तशी सवय असेल तर पट्ट्याचा वरचा भाग आणखी विरळ होतो, तेव्हा हे त्यांना एकदा विचारून घ्यावे.

आता आमंत्रणाची किंमत. पुष्कळांना वाटते की दोन नो-ट्रम्प म्हणणे फुकट आहे, पार्टनरला जमले तर तो जाईल, नाही तर थांबेल. ही समजूत मला फार महाग पडली आहे. गोविंदनगरच्या आमच्या जुन्या घरी खेळताना कित्येक पावसाळी संध्याकाळी मी अकरा पॉइंटांवर दोन नो-ट्रम्प म्हणत राहिलो. समोरून पास आला की मी निर्धास्त होऊन पाने मांडत असे, आणि पार्टनर माझी पाने उलगडताना पाहून काही न बोलता चहाचा कप बाजूला ठेवीत असे. तो कप बाजूला गेला की सातव्या हातानंतर आठवा कुठून आणायचा याचा शोध सुरू झाला आहे, हे मला कळू लागले. नकार आल्यावर आपण नेमके कुठे उभे राहतो, हा प्रश्न मी त्यानंतर स्वतःला विचारू लागलो.

उत्तर असे निघते. आपल्याकडे १२ पॉइंट असतील आणि पार्टनरने १२ वर नकार दिला तर दोघांचे मिळून २४ होतात, आणि २४ वर आठ हात बहुधा होतात. आपल्याकडे ११ असतील आणि पार्टनरने १२ वर नकार दिला तर मिळून २३ होतात, आणि २३ वर दोन नो-ट्रम्प म्हणजे नाणे उडवण्यासारखे आहे. शिवाय बाराच्या वेळी पार्टनरकडे १३ किंवा १४ असण्याची, म्हणजे गेम लागण्याची, शक्यता शंभरात ६० च्या पुढे असते. अकराच्या वेळी ती २८ वर येते. एका पॉइंटाच्या फरकाने मिळकत निम्म्याहून खाली आली आणि जोखीम मात्र वाढली, म्हणून ११ आणि १२ यांच्यामधली रेघ मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते.

आपण आयएमपीवर खेळता, म्हणून त्याचाही हिशोब मांडतो. व्हल्नरेबल असताना गेम सांगून केला आणि दुसऱ्या टेबलावर १५० वर थांबले, तर ४५० गुणांचा फरक म्हणजे १० आयएमपी मिळतात. गेम सांगून एकाने डाऊन गेलो आणि तिकडे एक नो-ट्रम्पवर आठ हात करून १२० मिळाले, तर २२० गुणांचा फरक म्हणजे ६ आयएमपी जातात. यावरून व्हल्नरेबल गेम १६ मध्ये ६ वेळा, म्हणजे शेकडा साडेसदतीस वेळा झाला तरी सांगणे परवडते. व्हल्नरेबल नसताना हेच आकडे ६ आणि ५ असे होतात आणि शेकडा ४५ च्या आसपास शक्यता लागते. हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली बोटीच्या प्रवासात आजच्या गुणपद्धतीची घडण केली, तेव्हापासून व्हल्नरेबल गेमचे हे आकर्षण ब्रिजमध्ये आहे, आणि "टीममध्ये व्हल्नरेबल गेम सोडू नये" हे वचन त्यातूनच आले आहे.

पण हे वचन गेम सांगण्याबद्दल आहे, आमंत्रणाबद्दल नाही, आणि नेमकी इथे गल्लत होते. समजा, साध्या अकरा पॉइंटांवर आपण शंभर वेळा आमंत्रण दिले. २८ वेळा पार्टनर १४ पॉइंटांवर तीन नो-ट्रम्प म्हणेल. त्यातले निम्मे झाले आणि निम्मे एकाने पडले असे धरले, तर व्हल्नरेबल स्थितीत १४० आयएमपी आले आणि ८४ गेले, म्हणजे निव्वळ ५६ मिळाले. उरलेल्या ७२ वेळा आपण दोन नो-ट्रम्पवर राहू. त्यांपैकी फक्त २० डावांत सातच हात झाले असे मानले, तरी दर वेळी दुसऱ्या टेबलावरच्या ९० समोर आपले उणे १००, म्हणजे १९० चा फरक आणि ५ आयएमपीचे नुकसान. एकूण १०० गेले. ५६ मिळवायला १०० मोजले. व्हल्नरेबल नसताना तर मिळकत १४ वरच येते आणि नुकसान ८० होते. निम्मे आणि वीस हे आकडे मी हिशोबापुरते धरले आहेत, ते आपण आपल्या अनुभवाप्रमाणे बदलून पाहावेत. पण पारडे फिरवण्यासाठी ते बरेच बदलावे लागतील.

या हिशोबात न बसणारी आणखी एक गोष्ट आहे. एक नो-ट्रम्पवर आपण शांतपणे पास दिला की चौथ्या खेळाडूला आपल्याकडे काहीच नाही की दहा-अकरा पॉइंट आहेत, हे कळत नाही. तो धाडस करून बोलीत आला तर त्याला डबल (दंड वाढवणारी बोली) देण्याइतकी ताकद आपल्याकडे असते, आणि कमजोर नो-ट्रम्पची अर्धी मिळकत या धास्तीतच आहे. दोन नो-ट्रम्प म्हणताच ती धास्ती संपते, आणि पार्टनरने पुढे तीन म्हटले किंवा पास दिला तर त्याच्याकडे साधारण किती पॉइंट आहेत हेही विरुद्ध बाजूला आयते कळते.

आता आपली पाने. ४-३-२-१ ही मोजणी मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाते. ती सोपी असल्यामुळे टिकली, पण ती एक्क्याला त्याच्या खऱ्या मोलापेक्षा थोडे कमी आणि राणी-गुलामांना थोडे जास्त देते. आपल्या पहिल्या डावात तीन राण्या, दोन गुलाम आणि एकच राजा होता, एक्का एकही नाही, दश्शी नाही, नव्वी नाही, आणि घडण ४-३-३-३, म्हणजे लांब रंगातून मिळणारा जादा हातही नाही. आपण कळवले त्याप्रमाणे वहिनींकडे इस्पिक एक्का, ८, ३. बदाम राणी, ९, ५, २. चौकट राजा, ७, ४. किलवर राजा, ८, ३ होते, म्हणजे त्यांचीही घडण ४-३-३-३ च. दोन्ही बाजू समोर मांडून पाहा. बदामचा, चौकटचा आणि किलवरचा असे तीन एक्के विरुद्ध बाजूकडे आणि इस्पिकचा राजाही तिकडेच. हे चार हात जवळजवळ त्यांचेच, आणि आपला प्रत्येक हात उभा करायला त्यांना आधी उतारी (पुढचे पान प्रथम खेळण्याची पाळी) द्यावी लागते. दर वेळी उतारी मिळाली की ते आपला लांब रंग आणखी एक पाऊल पुढे नेतात. इस्पिकमध्ये दोन, चौकटमध्ये दोन, आणि बदाम-किलवर मिळून तीन, असे सात हात झाले यात वहिनींच्या खेळात काहीही उणे नव्हते. ही पाने मी १० ची मानतो आणि व्हल्नरेबल असो वा नसो, विचार न करता पास देतो.

दुसऱ्या डावात चौकटमध्ये एक्का, राणी, दश्शी, नव्वी आणि पंजी आहे. इथे पार्टनरकडे राजा आणि एखादे छोटे पान निघाले तरी पाच हातांची आशा धरता येते. दश्शी आणि नव्वी यांना मोजणीत शून्य किंमत असली तरी गुलाम कुठे आहे याची भीती त्याच कमी करतात. किलवरच्या राणीजवळही दश्शी आहे. पाच पानी रंगासाठी एक पॉइंट आणि या मधल्या पानांसाठी थोडे अधिक धरले, तर ही पाने १२ ची, किंबहुना त्याहून किंचित बरी होतात. वहिनींकडे इस्पिक एक्का, ९, ४, ३. बदाम राजा, राणी, ६. चौकट राजा, ३. किलवर गुलाम, ९, ६, ४ असे १३ पॉइंट होते. म्हणजे दोघांचे मिळून २४ च. तरीही पाच चौकट, दोन इस्पिक आणि बदामाची उतारी आल्यावर तिसऱ्या खेळाडूकडून एक्का पडल्यामुळे दोन बदाम, असे नऊ हात किलवरला हातही न लावता झाले. पहिल्या डावातील २३ आणि या डावातील २४ यांत कागदावर एका पॉइंटाचे अंतर आहे, टेबलावर ते दोन हातांचे निघाले.

मग या पानांवर काय म्हणायला हवे होते? पेअर्स पद्धतीत (जिथे टीमऐवजी जोड्यांच्या गुणांची तुलना होते) किंवा व्हल्नरेबल नसताना मी आमंत्रण देईन. टीममध्ये व्हल्नरेबल असताना मी थेट तीन नो-ट्रम्प म्हणेन. त्याचे कारण असे की आपला लांब रंग चौकट आहे हे दोन नो-ट्रम्प या बोलीतून पार्टनरला समजत नाही. त्यामुळे चौकटचा राजा हातात घेऊन बसलेल्या पार्टनरला त्या राजाचे मोल कळण्याचा मार्गच नसतो, आणि बेताच्या १३ वर तो पास देण्याची भीती राहते. जी गोष्ट आपल्यालाच दिसते आहे, तिचा निर्णय पार्टनरवर सोपवू नये. शिवाय थेट गेम सांगितला की विरुद्ध बाजूला पहिले पान निवडताना काहीच आधार मिळत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीच्या काळात आम्हा चौघींचा ब्रिजचा फड पंचवटी एक्स्प्रेसमध्ये नाशिकरोड ते दादर रंगत असे. आता तो घरी रंगतो. हातात ११ पॉइंट आणि दोन्ही वरचे रंग (इस्पिक आणि बदाम) चार-चार पानी असतील, तर पार्टनरच्या एक नो-ट्रम्पवर स्टेमन (चार पानी वरचा रंग आहे का, हे विचारणारी दोन किलवरची बोली) लावावे की पास द्यावा? उदाहरणार्थ : इस्पिक राजा, १०, ७, ४, बदाम एक्का, गुलाम, ६, ३, चौकट ८, ५, किलवर राजा, ९, २.
(एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : ताई, या पानांवर मी दोन किलवर म्हणून स्टेमन लावेन. पार्टनरकडे चार इस्पिक किंवा चार बदाम निघाले तर आठ पत्त्यांचा हुकूम सापडतो, चौकटमध्ये आपल्याकडे दोनच पाने असल्यामुळे तिसऱ्या चौकटला हुकूम मारता येतो, आणि ११ चे मोल सहज १२-१३ होते. मग त्या रंगात तीनची बोली करून आमंत्रण द्यावे. पानेही भरीव आहेत, एक एक्का आणि दोन राजे यांतच दहा पॉइंट आहेत.

अडचण येते ती पार्टनरने दोन चौकट म्हणून दोन्ही वरचे रंग नाकारले तर. मग दोन नो-ट्रम्पशिवाय सोयीचे काही उरत नाही, आणि वर ज्या २३ पॉइंटांच्या दोन नो-ट्रम्पविषयी लिहिले आहे तिथेच आपण जाऊन पोहोचतो. दोन्ही वरचे रंग असताना हुकूम सापडण्याची संधी चांगली असते, म्हणून ही किंमत मी आनंदाने देतो. पण ११ पॉइंट, एकच वरचा रंग चार पानी आणि बाकी सगळे ३-३-३ असेल, तर स्टेमन लावू नये. हुकूम सापडला तरी त्या घडणीत मारायला कुठला रंग अपुरा नसतो, आणि दरम्यान पार्टनरच्या पानांची अर्धी माहिती विरुद्ध बाजूला देऊन बसतो.

आपल्या फडात एक गोष्ट पक्की करून ठेवावी. थेट दोन नो-ट्रम्प हे साधे आमंत्रण असेल, तर स्टेमननंतरच्या दोन नो-ट्रम्पचा अर्थ "माझ्याकडे निदान एक वरचा रंग चार पानी आहे" असा होतो. पार्टनरने बदाम सांगितले, आपण दोन नो-ट्रम्प म्हटले आणि त्याच्याकडे इस्पिकही चार असतील, तर त्याने इस्पिककडे वळायचे की नाही हे यावर ठरते.

प्रश्न : पार्टनरने दोन नो-ट्रम्पने आमंत्रण दिल्यावर १४ ला जावे आणि १२ ला थांबावे हे समजते. १३ पॉइंटांवर काय करावे?
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : ते पार्टनर कशावर आमंत्रण देतो यावर अवलंबून आहे. तो कोणत्याही ११ वर बोलत असेल तर १३ वर पास द्यावा लागतो. पण वर सुचवल्याप्रमाणे १२ वर किंवा खरोखरच चांगल्या ११ वरच बोलण्याची शिस्त असेल, तर १३ वर शक्यतो जावे. दोघांनीही जपून खेळायचे ठरवले तर गेम सुटतात आणि दोघांनीही धाडस केले तर तीन नो-ट्रम्प २३ वर लागतात. जपण्याचे काम आमंत्रण देणाऱ्याने केलेले असेल तर उघडणाऱ्याने ते पुन्हा करू नये.

थांबायचे ते फक्त वाईट १३ वर, म्हणजे ४-३-३-३ घडण, राणी-गुलामांची गर्दी आणि दश्शी-नव्वी एकही नाही, अशा पानांवर. वरच्या दुसऱ्या डावात गंगापूर रोडच्या वहिनींकडे होती तशी पाने, इस्पिकचा एक्का, बदामचे राजा-राणी, चौकटचा राजा आणि किलवरमध्ये गुलाम-नव्वी, आपल्या हातात असतील, तर तीन नो-ट्रम्प म्हणावे आणि डमीची (म्हणजे पार्टनरची, टेबलावर मांडली जाणारी) पाने उघडेपर्यंत त्यावर पुन्हा विचार करू नये.